विश्लेषण : ‘पाच एमएल दिले’ एवढे सांगून भागते का? बालरुग्णाचा हँडओव्हर शिकवावा का लागतो?

छत्रपती संभाजीनगर : ‘बेड नंबर बारा, ताप होता, पॅरासिटामॉल पाच एमएल दिले.’ रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सचा हा निरोप ऐकायला पुरेसा वाटतो. पण सिरप कोणते? ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, असे दोन्ही प्रकार मिळतात. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लागते. म्हणजे पहिल्या बाटलीतले ६ मिली, दुसरीतले फक्त ३. दुसऱ्या बाटलीतले पाच एमएल गेले असतील, तर डोस दीडपटीहून जास्त झाला. त्यात वेळ सांगितली नाही, तर सकाळची नर्स तोच डोस लगेच पुन्हा देऊ शकते.

मुलांच्या वॉर्डात वेगळे काय?

इथे जवळपास प्रत्येक औषध वजनावर ठरते, त्यामुळे वजन हा हँडओव्हरचा पहिला आकडा. शिवाय तान्हे बाळ ‘इथे दुखतंय’ असे सांगत नाही. शेवटची लघवी कधी झाली, दूध किती प्यायले, रडणे बदलले का, हे आईलाच ठाऊक असते. म्हणून हँडओव्हर टेबलापाशी नव्हे, खाटेशेजारी आईसमोर द्यायचा. घाटी रुग्णालयात मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतूनही मुले येतात. तिथे आधीच्या दवाखान्यात काय दिले, हेही याच साखळीत येते.

विद्यार्थ्यांना कसे शिकवतात?

भारतीय परिचर्या परिषदेच्या सेमिस्टर पद्धतीच्या बीएस्सी अभ्यासक्रमात बालआरोग्य परिचर्या पाचव्या-सहाव्या सत्रात येते. हँडओव्हरसाठी जगभर ‘एसबार’ हा साचा वापरतात : आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आता काय करायला हवे. त्याचे मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे. असाच ‘आय-पास’ हा दुसरा साचा अमेरिका व कॅनडातील नऊ बालरुग्णालयांत निवासी डॉक्टरांना शिकवला, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

अडते कुठे?

पहिले तीन भाग सरावाने जमतात. चौथा अवघड. ‘सिस्टर, बाळ सुस्त वाटतंय, सहा तास लघवी नाही, डॉक्टरांना आत्ताच बोलवूया’ हे वाक्य विसाव्या वर्षी सीनियरला सांगायला धीर लागतो. तो पाठांतराने येत नाही. पुतळ्यावर सराव घेताना शिक्षिकेने मुद्दाम घाईतल्या सीनियरची भूमिका घ्यावी आणि विद्यार्थिनीकडून तेच वाक्य पुन्हा म्हणवून घ्यावे. ऐकणाऱ्या नर्सने वजन, डोस आणि वेळ उलट वाचून दाखवल्याशिवाय हँडओव्हर संपला असे धरायचे नाही.