एका डब्यात पहाट आणि दुपार

जानेवारीत गंगापूर रोडवरच्या घरांमध्ये खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. घाई असेल तर गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखालीच थिजू लागतं आणि नाशिकची पहाट कधी कधी दहाच्याही खाली उतरते. पण खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या पोटातही तेलच असतं. तेही रात्रभर त्याच थंडीत गारठलेलं असतं. तरी सेल्फ मारला की गाडी उठते आणि काही क्षणांत ते तेल इंजिनाच्या माथ्यापर्यंत पोहोचतं. हे त्याला कसं जमतं, हा प्रश्न एकदा मनात शिरला की ऑइलचा डबा पूर्वीसारखा दिसत नाही.

डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असं काहीतरी छापलेलं असतं. हे ऑइल वीस ते चाळीस अंश तापमानात चालतं, असा अनेकांचा समज आहे. नाशिकच्या हवेला तो इतका चपखल बसतो की खोटा वाटतच नाही. पण या आकड्यांचा अर्थ अंश सेल्सिअस असा नाही. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलांची प्रतवारी सुरू केली, तिच्यातली ही श्रेणींची नावं आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. गार इंजिन फिरू देण्याइतकं तेल पातळ राहतं का, याची प्रयोगशाळेतली कसोटी ‘२०डब्ल्यू’साठी उणे १५ अंशांवर होते, ‘१०डब्ल्यू’साठी उणे २५ वर आणि ‘५डब्ल्यू’साठी उणे ३० वर. मागचा आकडा तापलेल्या तेलाचा. शंभर अंशांवर ‘४०’ श्रेणीचं तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक भरायला हवं आणि ‘३०’ श्रेणीचं ९.३ ते १२.५. सेंटिस्टोक हे दाटपणाचं माप; आपलं साधं, न तापवलेलं पाणी त्याने जेमतेम एक भरतं.

पुस्तकात या गुणाला श्यानता म्हणतात, गॅरेजमध्ये ‘जाड’ आणि ‘पातळ’. पण घराघरांत हे माप फार पूर्वीपासून आहे. दोन बोटांत थेंब धरून एकतारी पाक झाला का बघणारी आजी श्यानताच तपासत असते. पाक गार झाला की तार बदलते, म्हणून कोणत्या गरमपणाला बघायचं हेही तिला ठाऊक असतं. तेलाच्या डब्यावर दोन आकडे लागतात ते याचसाठी.

आता यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरू लागला तसं तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागलं. त्याने बूच बसवलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी दाबमापक जोडला, तर दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीवर गेलेला! १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. फिरणारा आस चिकट तेलाला आपल्याबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो. तिथे दाब साठतो आणि त्या दाबावर आस तरंगतो. जुलैच्या पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात वेगाने शिरलेलं चाक डांबर सोडून पाण्यावर चढतं, ती हीच करामत. रस्त्यावर ती जिवावर बेतते, इंजिनात तीच जीव वाचवते. पळत्या गाडीत क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा काही मायक्रॉनचा पडदा असतो, केसाच्या जाडीपुढे अगदीच नगण्य. धातू धातूला टेकत नाही. तेल फार पातळ झालं तर पडदा फाटतो. फार जाड असेल तर सकाळी वेळेवर पोहोचत नाही, आणि त्यालाच घुसळण्यात पेट्रोल जातं.

अडचण अशी की आठ अंशांच्या पहाटे हेच ‘२०डब्ल्यू-४०’ शंभर अंशांवरच्या स्वतःपेक्षा पन्नास पटींहून अधिक दाट असतं. एकाच श्रेणीच्या साध्या तेलांच्या काळात थंडीत ‘३०’ आणि उन्हाळ्यात ‘४०’ घालण्याची रीत होती, ती यामुळेच. मग तेलात लांबलचक साखळ्यांचे रेणू मिसळण्याची युक्ती आली. गारठ्यात ते अंग आखडून गुंडाळी करून बसतात आणि तेलाला अडवत नाहीत. तापलं की हातपाय पसरतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला धरून ठेवतात. मोटारसायकलीत बहुधा गिअरही त्याच तेलात फिरतात. दात्यांमध्ये सापडून या साखळ्या तुटत जातात आणि तेल आपली श्रेणी राखू शकत नाही. तेल बदलायचं ते नुसतं काळं झालं म्हणून नाही.

मग गंगापूर रोडवर राहणाऱ्याने काय घालावं? थंडीची धास्ती सोडून द्यावी. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण ‘२०डब्ल्यू’च्या कसोटीपासून ती थंडीही वीस अंश दूर आहे. भर हिवाळ्यात गाडी घेऊन लडाखमधल्या द्रासला जाणाऱ्याने ‘५डब्ल्यू’चा विचार करावा. कारच्या इंजिनाला पाण्याचा गारवा असतो आणि थर्मोस्टॅट ते पाणी बाराही महिने नव्वदच्या आसपास ठेवतो. त्यामुळे पुस्तिकेत ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘०डब्ल्यू-२०’ लिहिलं असेल तर मे महिना आला म्हणून जाड तेल ओतण्याचं कारण नाही. त्या इंजिनाच्या फटी आणि पंप त्या तेलासाठीच बेतलेले असतात. हवेवर गार होणाऱ्या दुचाकीचं मात्र वेगळं. अशोक स्तंभाकडून जेहान सर्कलकडे चाळीस अंशांच्या दुपारी रांगत जाताना तिच्या फिन्सना वारा मिळत नाही आणि तेल जास्त तापतं. तिथे मायलेजच्या लोभाने पुस्तिकेपेक्षा पातळ तेल घालू नये. क्लच तेलात बुडालेला असेल तर डब्यावर ‘जासो एमए’ आहे ना, तेही बघावं, नाहीतर क्लच घसरू शकतो.

हिवाळ्याची खरी खोडी आपल्या लक्षातच येत नाही. घरून केटीएचएम कॉलेजपर्यंत जायचं, परत यायचं, एवढ्यात तेल पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ आतच पाणी होऊन बसते. तेलाचं झाकण उघडलं तर खाली कधी कधी ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका थर दिसतो. एखाद्या रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन या. घरी आल्यावर इंजिन निवू द्या आणि झाकण पुन्हा उघडून बघा. थर नुसत्या दमटपणाचा असेल, तर तापलेल्या तेलाने तो बराचसा उडवून लावलेला असेल. जाड साय तशीच असेल आणि कूलंटची पातळी उतरली असेल, तर गाडी मिस्त्रीला दाखवा.