कोवळ्या ज्वारीचं विष

शहराबाहेर पडलं की ज्वारीची शिवारं लागतात. कापणीनंतर फुटलेले किंवा पावसाने ताण दिल्यावर खुरटलेले कोवळे पोंगे मेंढ्या आवडीने खातात. त्यातल्या धुरिन या द्रव्यापासून मात्र पोटात सायनाइड सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसतं आणि मेंढी धापा टाकत कोसळते.

‘जनावराला विषारी चारा कळतो’ हे भरल्या पोटापुरतंच खरं. मग कडबा कसा चालतो? नीट वाळताना त्यातलं बरंचसं विष उडून जातं. म्हणजे दोष ज्वारीचा नाही, भुकेचा आणि चुकलेल्या वेळेचा आहे. उपाशी कळप फुटव्यांत घालू नका. मेंढी धापा टाकू लागली, तर पशुवैद्यकाला तत्काळ बोलवा.