कमरेतील सुईनंतरची डोकेदुखी

सिझेरियनसाठी कमरेत भुलीचे इंजेक्शन घेतलेल्या किंवा तपासणीसाठी मणक्यातील पाणी काढलेल्या काही रुग्णांना एकदोन दिवसांत तीव्र डोकेदुखी सुरू होते, आणि तिची ठळक खूण अशी की उठून बसताच ती वाढते व आडवे होताच बरीच निवळते. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती सुमारे 150 मिलिलिटर द्रव असतो. तो धरून ठेवणाऱ्या आवरणाला सुईने पडलेले छिद्र लवकर बुजले नाही तर द्रव झिरपत राहतो, मेंदूचा आधार घटतो आणि वेदना जाणणाऱ्या भागांवर ताण येतो.

हे दुखणे भुलीच्या या पद्धतीइतकेच जुने आहे. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट 1898 मध्ये आउगुस्ट बीर यांनी ती स्वतःवर करवून पाहिली, तेव्हा पिचकारी सुईला नीट न बसल्याने बराच द्रव वाहून गेला आणि बीर नऊ दिवस डोकेदुखीने बेजार राहिले. द्रव गमावल्यानेच हे झाले असावे, हा त्यांचा तर्क पुढे मान्य झाला.

प्रतिबंधाची किल्ली सुईच्या टोकात आहे. कापत जाणाऱ्या धारदार टोकाऐवजी तंतू बाजूला सारणारे, पेन्सिलीसारखे निमुळते टोक असलेली सुई 1951 मध्ये आली, आणि बव्हेरियातील व्युर्झबुर्गच्या गुंटर श्प्रोटे यांनी 1987 मध्ये तिचे सुधारित रूप मांडले. 'लॅन्सेट'मधील 2018 च्या, 110 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात या डोकेदुखीचे प्रमाण जुन्या सुईने 11 टक्के, तर नव्या सुईने 4.2 टक्के आढळले. इतका स्पष्ट पुरावा असताना जुनी सुई वापरत राहणे समर्थनीय नाही.

उशी न देता दिवसभर सपाट निजवल्याने डोकेदुखी टळते, ही आपल्याकडील रुजलेली समजूत मात्र अभ्यासांत टिकलेली नाही, जरी दुखू लागल्यावर आडवे पडण्याने तात्पुरता आराम मिळतो. पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामके, पुरेसे पाणी आणि काही काळ कॅफीन यांवर अनेकांचे दुखणे ओसरते. त्याने भागले नाही, तर रुग्णाच्याच हातातून घेतलेले सुमारे 20 मिलिलिटर रक्त निर्जंतुक पद्धतीने त्या आवरणाबाहेरील पोकळीत सोडतात. 1960 मध्ये जेम्स गॉर्मली यांनी मांडलेल्या या उपायाने गळती रोखली जाते व अनेकांना काही तासांतच उतार पडतो, मात्र क्वचित तो पुन्हा करावा लागतो, आणि ताप, जंतुसंसर्ग किंवा रक्त गोठण्यातील दोष असताना तो करत नाहीत. उपाय हाताशी असताना बाळंतिणीला हा थकवा आहे, सोसावा, असे सांगणे अन्यायाचे आहे. शिवाय दुखणे आडवे होऊनही कमी होईनासे झाले, किंवा ताप, झटके, गुंगी, हातापायांत अशक्तपणा दिसला, तर मेंदूतील रक्तस्राव, शिरेतील गुठळी किंवा मेंदूज्वर यांची शक्यता तातडीने तपासावी लागते.