इस्लाम: आठ गैरसमज आणि यवतमाळची वस्तुस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती. त्यात मुसलमान साडेआठ टक्क्यांच्या आसपास. पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा, आर्णी, वणी, सगळीकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे मोहल्ले आहेत. ईदला शिरखुर्मा शेजारी जातो, दिवाळीला फराळ येतो. एवढी जवळीक असूनही शेजारच्या घरातल्या धर्माबद्दल आपली माहिती बहुतेक ऐकीवच असते.

या ऐकीव माहितीत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. धर्माचा नियम, गावाची रूढी आणि राजेरजवाड्यांचा इतिहास या तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो आणि वर ‘इस्लाम’ अशी चिठ्ठी लावतो. पुढचे आठ गैरसमज त्या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहू.

गैरसमज १: मुसलमान महंमद पैगंबरांची पूजा करतात

वस्तुस्थिती: पूजा फक्त एका ईश्वराची, हा इस्लामचा पाया आहे. पैगंबर हे त्या ईश्वराचा संदेश आणणारे माणूस. त्यांचा जन्म इ.स. ५७० च्या सुमारास मक्केत झाला. चाळिशीत, ६१० मध्ये त्यांना पहिला संदेश मिळाला, अशी श्रद्धा आहे. ६२२ मध्ये ते मक्का सोडून मदिनेला गेले. त्या स्थलांतरापासून हिजरी सन मोजतात. ६३२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना मिळालेल्या संदेशांचा ग्रंथ म्हणजे कुराण. त्यात ११४ अध्याय आहेत. पैगंबरांची वचनं आणि वागणूक सांगणारं हदीस वाङ्मय वेगळं. पैगंबरांचं नाव घेताना मुसलमान त्यांच्यासाठी शांतीची प्रार्थना करतात. शिवाय ते एकटेच पैगंबर मानले जात नाहीत. इब्राहिम, मूसा, ईसा म्हणजे ज्यूंचे आणि ख्रिश्चनांचे अब्राहम, मोझेस, येशू हेही कुराणात पैगंबर आहेत. महात्मा फुल्यांनी ‘मानव महंमद’ या नावानं त्यांच्यावर कविता लिहिली होती.

गैरसमज २: नमाज म्हणजे पश्चिमेची किंवा काबाच्या दगडाची पूजा

वस्तुस्थिती: नमाज मक्केतल्या काबा या पवित्र वास्तूकडे तोंड करून पढतात. मक्का आणि यवतमाळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, जेमतेम एका अंशाचा फरक. म्हणून आपल्याकडच्या मशिदी पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेल्या दिसतात. लंडनचा मुसलमान आग्नेयेला तोंड करतो, मोरोक्कोचा पूर्वेला. सुरुवातीच्या काळात तर मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करत. मदिनेला आल्यावर दीड वर्षाच्या आत-बाहेर ती दिशा बदलली. दिशा ठरवली ती सगळ्यांनी एका रांगेत, एका रोखानं उभं राहावं म्हणून. काबाच्या कोपऱ्यात बसवलेला काळा दगड नफाही देत नाही आणि नुकसानही करत नाही, असं दुसरे खलिफा उमर यांनीच बजावल्याचं हदीसमध्ये नोंदलेलं आहे.

नमाजाच्या वेळा पाच: फज्र, जोहर, असर, मगरीब, इशा. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला खुतबा, म्हणजे प्रवचन जोडलेलं असतं. पण शुक्रवार हा सक्तीच्या सुटीचा दिवस नाही. नमाजापुरता व्यवहार थांबवा आणि तो झाला की पुन्हा कामाला लागा, असंच कुराण सांगतं.

गैरसमज ३: रमजान म्हणजे दिवसाचा उपास, त्यात पाणी तरी चालतंच

वस्तुस्थिती: पाणी चालत नाही. पहाटेच्या सहेरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्न, पाणी, तंबाखू, सगळं बंद. खोटं बोलणं आणि चहाडी करणं यांनीही रोज्याची, म्हणजे या उपासाची, किंमत जाते. यवतमाळात हे किती कठीण आहे ते ऋतूवर ठरतं. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून चांद्रवर्षाचा सूर्याशी मेळ बसवतात, हिजरीत तसं करत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९८६ साली तो मे महिन्यात आला होता, नंतर २०१८ आणि २०१९ मध्ये. विदर्भातला मे आणि चौदा तासांहून जास्त वेळ पाण्याचा थेंब नाही, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक.

आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना सवलत आहे. मुलांवर रोजा बंधनकारक नाही. सवलत घेणाऱ्यानं सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे. जे कधीच शक्य नाही त्यांनी गरिबाला जेवण द्यायचं.

गैरसमज ४: जकात म्हणजे मर्जीनं दिलेलं दान

वस्तुस्थिती: मर्जीच्या दानाला सदका किंवा खैरात म्हणतात. जकात हे कर्तव्य आहे आणि त्याचा हिशोब ठरलेला आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर जवळ राहिली, तर तिच्या अडीच टक्के रक्कम द्यायची. ती कोणाला द्यायची याचे आठ प्रकार कुराणात आहेत. गरीब, कर्जबाजारी आणि वाटसरू त्यात येतात.

शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात सांगायलाच हवा असा भाग म्हणजे उश्र, पिकावरची जकात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा. पाणी ओढून, खर्च करून पिकवलेल्याचा विसावा. म्हणजे ओलितासाठी घातलेला पैसा आणि श्रम धर्मशास्त्रानंही हिशोबात धरले आहेत. कोणत्या पिकांवर उश्र लागू होतो याबद्दल शास्त्रकारांत मतभेद आहेत. भारतात बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिचे आद्य इमाम अबू हनीफा यांनी मात्र त्याची व्याप्ती जवळजवळ सगळ्या पिकांपर्यंत धरली.

कलमा (श्रद्धेची घोषणा), नमाज, रोजा, जकात आणि ऐपत असेल त्याला आयुष्यात एकदा हज, हे इस्लामचे पाच आधारस्तंभ.

गैरसमज ५: दर्गा आणि मशीद एकच

वस्तुस्थिती: मशीद नमाजासाठी, तिथं मूर्ती नाही, चित्र नाही. दर्गा म्हणजे सूफी संताची समाधी. आर्णीचा बाबा कंबलपोष यांचा दर्गा जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या यात्रेला येणाऱ्यांत हिंदूंची संख्या मोठी असते. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांचा (१८६१–१९२५) ताजबागही तसाच. नागपूरकर भोसले घराण्यातल्या रघुजीराजांनी त्यांना आपल्या वाड्यात ठेवून घेतलं होतं.

पण चादर चढवणं, नवस बोलणं, न्याज म्हणजे प्रसाद वाटणं हे पाच स्तंभांत कुठंच नाही. यावर मुसलमानांतच जोरदार वाद आहे. बरेलवी परंपरा संतांचा मान आणि ऊर्स, म्हणजे संताच्या पुण्यतिथीचा उत्सव, मानते. देवबंदी आणि अहले हदीस विचारांचे लोक यातल्या बऱ्याच गोष्टींना चुकीचं ठरवतात. तेव्हा दर्ग्यात दिसलं तेवढाच इस्लाम असं म्हणणं चूक, आणि दर्ग्यावर जाणारा मुसलमानच नव्हे असं आपण बाहेरून ठरवणंही चूक.

गैरसमज ६: मोहरम हा आनंदाचा सण

वस्तुस्थिती: मोहरम हा हिजरी सनाचा पहिला महिना. त्याच्या दहाव्या दिवशी, इ.स. ६८० मध्ये, करबला इथं पैगंबरांचे नातू हुसेन आपल्या मूठभर साथीदारांसह खलिफा यझीदच्या सैन्याकडून मारले गेले. शिया मुसलमान हा शोक पाळतात. सुन्नी मुसलमानांत या दिवसांत रोजे ठेवण्याची प्रथा आहे. म्हणून ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ हा संदेश पाठवू नये.

विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत मात्र याच दिवसांना वेगळं रूप आलं. ताबूत, सवाऱ्या, ढोल-ताशे, सरबत, मलिदा आणि सवारीपुढे नवस फेडणारे हिंदू. काही गावांत सवारी खांद्यावर घेण्याचा मान परंपरेनं हिंदू घरांकडे असतो. ही गावाची रूढी आहे. अनेक मौलवींना ती पटत नाही, पण शतकभर शेजारी राहिलेल्या लोकांचं दुःखही एकमेकांचं होतं, याचा तो पुरावा आहे.

गैरसमज ७: इस्लाम इथं फक्त तलवारीनं आला आणि तलवारीनं पसरला

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात तो आधी गलबतानं आला. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं त्यानं लिहून ठेवलं. राज्य हिंदूंचं होतं. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ चा ताम्रपट आणखी बोलका आहे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण यानं संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे दिला होता, आणि त्याच्या कारभारात तिथल्या देवीच्या मठाला दान दिल्याची ही नोंद आहे. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी, १२९६ मध्ये.

पुढची वऱ्हाडची सत्ता मात्र बहुतेक वेळा तलवारीच्या जोरावरच बदलत राहिली. १३४७ मध्ये बहमनी, १४९० मध्ये अचलपूरची इमादशाही, १५७४ मध्ये अहमदनगरची निजामशाही, १५९६ मध्ये मोगल, १७२४ पासून हैदराबादचा निजाम आणि १८५३ मध्ये इंग्रज. मधल्या काळात महसुलात नागपूरकर भोसल्यांचाही वाटा होता. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडच्या सरकारांच्या यादीत आपलं कळंब आणि शेजारचं माहूर दोन्ही आहेत. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा विजयनगरच्या हिंदू घरात जन्मलेला, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. लढायांत देवळं फुटली, औरंगजेबानं १६७९ मध्ये बिगरमुसलमानांवरचा जिझिया कर पुन्हा लादला. हा इतिहास लपवायचं कारण नाही.

पण राज्य कोणाचं आणि धर्म कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. जवळजवळ पाचशे वर्षं मुसलमान राजवटी असूनही जिल्ह्यात मुसलमान शंभरात आठ-नऊच आहेत. सत्तेची तलवार हेच प्रसाराचं मुख्य कारण असतं तर हा आकडा असा दिसला नसता. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी भारताबद्दल हेच दाखवून दिलं. दिल्ली-आग्र्याच्या सत्ताकेंद्राभोवती मुसलमान बहुसंख्य झाले नाहीत. ते झाले दूरच्या बंगालात आणि पश्चिम पंजाबात. दख्खनमध्ये सूफींनी बायांसाठी जात्यावर म्हणायची दखनी गाणीही रचली, त्यांना ‘चक्कीनामा’ म्हणत. धर्म घरात शिरण्याच्या अशा कितीतरी वाटा होत्या.

गैरसमज ८: सगळे मुसलमान एकसारखे: भाषा उर्दू, पेहराव अरबी, बायका चार

वस्तुस्थिती: जगातल्या मुसलमानांत अरब फार तर पाचवा हिस्सा. सर्वांत जास्त मुसलमान असलेल्या देशांच्या यादीत इंडोनेशिया, पाकिस्तान आणि भारत वरच्या स्थानांवर आहेत. आपल्याकडचे बहुतेक सुन्नी. व्यापारात असलेले दाऊदी बोहरा शिया. धर्मात जात नाही, समाजात आहे. कापसाच्या या मुलखात रुई पिंजणारे, गाद्या भरणारे पिंजारी, ज्यांना मन्सूरी किंवा नद्दाफही म्हणतात, ते कोणाला माहीत नाहीत? शिवाय बागवान, आतार, तांबोळी, कुरेशी आहेतच. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत यातल्या अनेक समाजांचा समावेश आहे.

जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, घरात दखनी वळणाची बोली असते आणि बाजारात वऱ्हाडी. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत लिहिला. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं.

चार बायकांची मुभा व्यक्तिगत कायद्यात आहे, हे खरं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण मुसलमानांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के. निकाह हा करार असतो. मेहर, म्हणजे नवऱ्यानं द्यायची ठरलेली रक्कम, हा बायकोचा हक्क. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा आहे, मात्र तो भावाच्या निम्मा. एका दमात तीनदा तलाक उच्चारून बाईला घराबाहेर काढण्याची रीत कुराणातल्या पद्धतीशी जुळत नाही. तिथं दोन्ही घरांतले मध्यस्थ आणि इद्दतीचा, म्हणजे तलाकनंतर थांबण्याचा, काळ सांगितलेला आहे. समाजसुधारक हमीद दलवाईंनी या रीतीविरुद्ध १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ रोजी ही पद्धत रद्दबातल ठरवली आणि २०१९ च्या कायद्यानं ती गुन्हा झाली. सुधारणेची मागणी पहिल्यांदा समाजाच्या आतूनच उठली होती, हे विसरलं जातं.

तेव्हा यापुढे ‘मुसलमानांमध्ये असंच असतं’ असं कोणी म्हटलं, तर एक प्रश्न विचारा: हा धर्माचा नियम आहे, गावाची रूढी आहे, की कुठल्या राजाची करणी? उत्तर मोबाइलवर आलेल्या मजकुरात शोधू नका. महाराष्ट्रात अलीकडे अनेक ठिकाणी ‘मस्जिद परिचय’ नावाचे कार्यक्रम होतात. इतर धर्मीयांना मशीद दाखवतात, प्रश्नांची उत्तरं देतात. आपल्या गावात झाला तर जरूर जा. नाही झाला तर शेजाऱ्याला विचारा.