ग्रंथी, कंद आणि बुरशी : स्टेरॉइडच्या गोळीची कुळकथा

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथींचे वजन सराफी हिशेबाने जेमतेम एक तोळा भरते. एवढ्याशा या अवयवाचे काम काय, हे शरीरशास्त्रज्ञांना शतकानुशतके उमगले नव्हते. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी काही विलक्षण रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. माणूस दिवसेंदिवस क्षीण होत जातो, अन्नावरची वासना उडते, नाडी मंद होते, त्वचा काळवंडते आणि अखेर तो दगावतो. शवविच्छेदनात या ग्रंथी नष्ट झालेल्या आढळत, पुष्कळदा क्षयरोगाने. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, या ग्रंथी काढून टाकल्यास जीव वाचत नाही. त्यानंतर कित्येक दशके वैद्यांना रोगाचे नाव ठाऊक होते, पण उपाय ठाऊक नव्हता.

या ग्रंथीच्या बाहेरील आवरणात कोलेस्टेरॉलपासून दोन महत्त्वाची संप्रेरके तयार होतात. अल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ आणि पाणी राखते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर व रक्तदाब सावरते, आजारपणाचा आघात सोसण्याचे बळ देते आणि शरीराची दाहक्रिया आवरून धरते. निरोगी माणसात दिवसाकाठी साधारण १० ते १५ मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते. पहाटे-सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्री नाममात्र. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सारी संप्रेरके एकाच कुळातली आहेत. कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली, त्यांपैकी तीन सहा अणूंची व एक पाच अणूंची, हा त्यांचा समान सांगाडा. त्यावर कोणत्या क्रमांकाच्या जागी प्राणवायूचा अणू बसला आहे, यावर औषधाचा गुण ठरतो. कॉर्टिसॉलच्या बाबतीत ११ क्रमांकाची जागा निर्णायक आहे. पुढील सारी कथा या एका जागेभोवती फिरते.

१९३० च्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइकस्टाइन हे दोघे स्वतंत्रपणे या ग्रंथींतील द्रव्ये वेगळी करू लागले. कच्चा माल कत्तलखान्यातून येई. राइकस्टाइन यांना १००० किलो ग्रंथी लागल्या आणि त्यांसाठी २०,००० हून अधिक गुरे मारली गेली होती. इतक्या मालातून हाती आले ते काही ग्रॅम. अहिंसेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ व्यवहाराच्या तराजूतही हा मार्ग टिकणारा नव्हता. जगातील साऱ्या रुग्णांना पुरतील इतकी गुरे भूतलावर नव्हतीच.

१९४४ मध्ये मर्क कंपनीतील तरुण रसायनज्ञ लुईस सॅरेट यांनी दुसरी वाट काढली. गुरांच्या पित्तातील आम्लापासून त्यांनी केंडल यांचे ‘ई’ द्रव्य, म्हणजेच कॉर्टिझोन, बनवले. पित्ताम्लात प्राणवायू १२ व्या जागी असतो. तो शेजारच्या ११ व्या जागी नेण्यासाठी तीसहून अधिक पायऱ्यांची रासायनिक प्रक्रिया करावी लागली. एका घराच्या अंतरासाठी एवढा वळसा! प्रत्येक पायरीला माल गळत जाई आणि अखेरीस चिमूटभर उरे.

याच चिमटीतून १९४८ च्या सप्टेंबरात मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी एका रुग्णेला इंजेक्शन दिले. ती २९ वर्षांची होती आणि संधिवाताने अंथरुणाला खिळली होती. हेंच यांच्या मनात हा विचार फार दिवस घोळत होता. कावीळ झाली किंवा गर्भ राहिला की संधिवाताचे रुग्ण काही काळ बरे होतात, हे त्यांनी १९२९ पासून टिपून ठेवले होते. शरीरातच कुठलेसे द्रव्य हा चमत्कार घडवत असावे, असा त्यांचा कयास होता. पहिल्या इंजेक्शननंतर तीन-चार दिवसांत ती स्त्री चालू लागली आणि आठवडाभरात गावात जाऊन खरेदी करून आली. केंडल, राइकस्टाइन व हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र पुढच्या रुग्णांत औषध थांबवताच व्याधी उलटत असे. चेहरा चंद्रासारखा गोल होई. काहींचे मन सैरभैर होई. कॉर्टिझोन रोग दाबते, मुळापासून बरा करीत नाही, ही गोष्ट त्या पहिल्या काही महिन्यांतच स्पष्ट झाली होती. पारितोषिकाच्या जल्लोषात तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

तोपर्यंत कॉर्टिझोनचा भाव ग्रॅमला २०० डॉलरच्या घरात होता. तो खाली आला वनस्पतींमुळे, आणि त्या कथेत व्यापारी मंडळींना रस वाटावा असा एक भाग आहे. रसेल मार्कर नावाचे हट्टी अमेरिकन रसायनज्ञ मेक्सिकोच्या जंगलात उगवणाऱ्या एका रानटी कोनफळाच्या मागे लागले. त्या कंदात डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते. स्टेरॉइडचा चार कड्यांचा सांगाडा त्यात तयारच असतो. फक्त काही फांद्या छाटाव्या लागतात. छाटणीची सोपी रीत मार्कर यांनी शोधली, पण मोठ्या कंपन्यांनी भांडवल घालण्यास नकार दिला. तेव्हा १९४४ मध्ये त्यांनी मेक्सिको सिटीत दोन भागीदारांसह ‘सिंटेक्स’ ही कंपनी काढली. वर्षभरात नफ्याच्या वाटणीवरून भागीदारी मोडली. मार्कर निघून गेले आणि मागे राहिलेल्या मंडळींच्या लक्षात आले की, बाटल्यांवर रसायनांची नावे नसून केवळ सांकेतिक खुणा आहेत! ज्ञान एकाच्या डोक्यात आणि कारखाना दुसऱ्याच्या ताब्यात, अशी स्थिती झाली. अखेर जॉर्ज रोझेनक्रान्झ या हंगेरियन रसायनज्ञाला बोलावून सारी प्रक्रिया नव्याने उभी करावी लागली.

कंदापासून प्रोजेस्टेरॉन मिळाले, तरी ११ व्या जागेचा प्रश्न उरलाच होता. वनस्पतीच्या सांगाड्यात ती जागा रिकामी असते. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी हे काम माणसाकडून काढून बुरशीकडे सोपवले. शिळ्या पावावर येणाऱ्या बुरशीच्या जातकुळीतली ‘ऱ्हायझोपस’ बुरशी प्रोजेस्टेरॉनच्या द्रावणात वाढवली की, ती ११ व्याच जागी प्राणवायू नेमका बसवते. रसायनज्ञांना ज्यासाठी लांबलचक वळसा घ्यावा लागला, ते एका पायरीत झाले. काही वर्षांतच कॉर्टिझोन ग्रॅमला सुमारे ६ डॉलरवर आले. पर्सी ज्युलियन यांचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते, ते घेतलेच पाहिजे. गुलामांच्या वंशात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय रसायनज्ञाने सोयाबीनच्या तेलातील द्रव्यांपासून स्टेरॉइडे बनवण्याचा मार्ग खुला केला. १९५० मध्ये शिकागोजवळच्या ओक पार्क वस्तीत त्यांनी घर घेतले, तेव्हा ते घर जाळण्याचा प्रयत्न झाला. ज्यांच्या संधिवातावर त्यांच्या रसायनशाळेतील द्रव्ये उपकारक ठरत होती, त्यांच्याच समाजातून हे घडावे, ही त्या काळाची शोकांतिका होय.

आज बाजारातील स्टेरॉइड औषधांचे मूळ मुख्यतः सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या तेलातील द्रव्यांत आणि सूक्ष्मजीवांच्या किण्वनात असते. गुरांच्या ग्रंथी मागे पडल्या. गोळीत बांधणीसाठी काय मिसळले आहे, कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वेष्टनावर पाहावे किंवा उत्पादकाला विचारावे. मेथीच्या दाण्यांतही डायोस्जेनिन असते. त्यावरून ‘मेथी म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड’ असा प्रचार कोणी केला, तर तो भाबडेपणा समजावा. डायोस्जेनिनचे संप्रेरकात रूपांतर करण्याची सोय मानवी शरीरात नाही. ते कारखान्यातच होते.

मूळ संप्रेरक हाती येताच रसायनज्ञ त्यात फेरफार करू लागले. पहिल्या कड्यात एक दुहेरी बंध वाढवला की कॉर्टिसॉलचे प्रेडनिसोलोन होते, आणि दाह शमवण्याची शक्ती चौपट होते. त्यात फ्लोरिनचा एक अणू आणि आणखी एक लहानशी फांदी जोडली की डेक्सामेथासोन तयार होते. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन, ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे तिन्ही जवळपास सारखे. ‘गोळी अगदी बारीक आहे, काही होत नाही’ असे घराघरांत म्हटले जाते. या हिशेबाकडे पाहिल्यास गोळीच्या आकारावर विसंबू नये हे ध्यानात येईल.

हे औषध पेशीच्या आत शिरते, तेथील ग्राहक-प्रथिनाशी जोडले जाते आणि पेशीकेंद्रात जाऊन काही जनुकांचे काम वाढवते, काहींचे थांबवते. दाह निर्माण करणाऱ्या द्रव्यांचे उत्पादन मंदावते, म्हणून दम्याचा, संधिवाताचा किंवा तीव्र ॲलर्जीचा रुग्ण सुटकेचा श्वास टाकतो. पण त्याच हुकमाने यकृत अधिक साखर सोडते, हाडांची बांधणी मंदावते, जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. गुण आणि अपाय ही येथे एकाच क्रियेची दोन फळे आहेत; एक घेऊन दुसरे टाळणारे औषध अद्याप पूर्णपणे साधलेले नाही.

सर्वांत कमी ठाऊक असलेला धोका औषध घेण्यात नसून ते एकाएकी सोडण्यात आहे. अधिवृक्क ग्रंथीला कामाची मागणी नोंदवणारी पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल आहे असे दिसले की ती मागणी थांबवते. बाहेरून रोज तयार माल येऊ लागला, तर घरचा कारखाना बंद पडतो आणि कारागीर पांगतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ गोळी चालली असेल, तर हे घडल्याचे गृहीत धरावे लागते. मग एके दिवशी गोळी बंद केली, तर मागणी नोंदवली गेली तरी कारखाना लगेच सुरू होत नाही. त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मध्यंतरी ताप आला, शस्त्रक्रिया झाली, उलट्या झाल्या, तर रक्तदाब कोसळतो, पोटात दुखते, शुद्ध हरपते. हे अधिवृक्क संकट प्राणघातक ठरू शकते. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. बरे वाटू लागताच स्वतःहून गोळी थांबवणे, किंवा शेजाऱ्यांनी ‘स्टेरॉइड वाईट’ म्हटले म्हणून पाकीट फेकून देणे, हे दोन्ही सारखेच घातक आहे.

दुसरे टोकही तितकेच घातक. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की, कृत्रिम श्वसनावर असलेल्या कोविड रुग्णांत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू एक तृतीयांशाने घटतात, आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ दिसला नाही. आपल्याकडे चाचणीचे पहिले वाक्य सर्वांनी ऐकले, दुसरे थोड्यांनी. घरी बसून, सौम्य तापात, मधुमेह असतानाही स्टेरॉइड घेतले गेले. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या आजाराने थैमान घातले, तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात यांत रुग्ण सर्वाधिक होते. त्या आजाराला प्रामुख्याने कारणीभूत होणारी बुरशी ‘ऱ्हायझोपस’ वंशातलीच. सत्तर वर्षांपूर्वी जिने कॉर्टिझोन स्वस्त केले, तिच्याच भाऊबंदांनी त्याच्या गैरवापराचा फायदा उठवला.

घरातल्या कपाटाकडेही एक नजर टाकावी. गजकर्णावर किंवा चेहरा उजळण्यासाठी म्हणून आणलेल्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते आणि गजकर्ण चिवट होऊन पसरते. सांधेदुखीवरच्या नाव-गाव नसलेल्या ‘रामबाण’ पुड्यांतही ते मिसळलेले आढळले आहे. ज्येष्ठमधाची गोष्ट आणखी वेगळी. मूत्रपिंडाजवळ कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणारा एक पहारेकरी असतो. ज्येष्ठमधातील द्रव्य त्यालाच झोपवते. खोकल्यापुरता एखादा तुकडा चघळणे वेगळे आणि महिनोन्‌महिने काढा पिणे वेगळे. दुसऱ्याने रक्तदाब वाढून रक्तातील पोटॅशियम घटू शकते.

पर्युषणाच्या दिवसांत हा विषय अधिकच महत्त्वाचा होतो. ज्यांची अधिवृक्क ग्रंथी निकामी आहे, किंवा ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइड चालू आहे, त्यांच्यासाठी चोविहार उपवासात गोळी चुकणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. अल्डोस्टेरॉनच्या अभावी फ्लुड्रोकॉर्टिझोन घेणाऱ्यांना बिनमिठाचे आयंबिलही घातक होऊ शकते, कारण त्यांचे शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही. अशा व्यक्तीने व्रत घेण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. कोणते तप झेपेल, कोणते नाही, गोळीची वेळ कशी बदलता येईल, हे तेव्हा ठरवता येते. पच्चक्खाण घेऊन झाल्यावर ऐनवेळी हा प्रश्न घरच्यांवर येऊ नये. खिशात आजाराचे नाव, औषध आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी असावी. ताप आल्यास मात्रा किती वाढवायची आणि उलटीत गोळी टिकली नाही तर हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन कुठे मिळेल, हे घरातील निदान दोघांना तोंडपाठ असावे.