साडेदहा मीटरची लाट आणि सहा-सात भाकरी

बास गिटारची सगळ्यात जाड तार सैल करत ‘सी’ सुरापर्यंत उतरवली की ती सेकंदाला सुमारे 33 वेळा थरथरते. हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर धावतो. भागाकार केला की एका लाटेची लांबी निघते साडेदहा मीटर. एसटीची लालपरी जवळपास तेवढीच लांब असते. म्हणजे कानात शिरणारा एकच सूर अख्ख्या गाडीएवढा! तो कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो, यात नवल नाही.

‘स्टोनर रॉक’ नावाचं संगीत या लांब लाटांवरच उभं आहे. तारा उतरवायच्या, लय संथ ठेवायची आणि चार-सहा सुरांचा एकच तुकडा इतक्या वेळा फिरवायचा की ऐकणाऱ्याला वेळेचं भान उरू नये. सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टच्या वाळवंटातली. ‘कायस’ या बँडची पोरं ओसाड माळावर जनरेटर लावून वाजवत. 1995 साली तो बँड मोडला, पण तोवर हा आवाज जर्मनीत पोचला होता. म्युनिकमध्ये श्टेफान कोग्लेकचा ‘कलर हेझ’ 1994 सालीच उभा राहिला होता. पुढे फिलिप रास्टहोफर आणि मानफ्रेड मेरवाल्ड त्याला येऊन मिळाले आणि जवळपास दोन दशकं तेच तिघे वाजवत राहिले. डझनाहून जास्त अल्बम निघाले. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहण्यापेक्षा कोग्लेकने ‘एलेक्ट्रोहाश’ नावाची स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली.

त्याच कंपनीकडून पुढे आलेला एक बँड धाराशिवकराने हटकून ऐकावा असा आहे. आशाफेनबुर्ग गावचा ‘माय स्लीपिंग कर्मा’. माणसं चार, गायक एकही नाही. पहिला अल्बम 2006 चा. नंतरच्यांची नावं बघा: सत्य, त्रि, सोम, मोक्ष, आत्मा. ‘मोक्ष’ 2015 चा, ‘आत्मा’ 2022 चा. मधली सात वर्षं स्टुडिओ अल्बम नाही. ‘सोम’वरच्या काही तुकड्यांना वनस्पतींची नावं दिली आहेत आणि त्यात ‘इल्यूसिनी कोराकाना’ हेही एक आहे. म्हणजे आपली नाचणी. ज्वारीला मान मिळाला नाही, हे बालाघाटातल्या माणसाला जरा टोचणारच.

या मंडळींचा श्रोतावर्ग मात्र आटोपशीर. जर्मनीत नेटफेन या छोट्या गावी 2012 पासून ‘फ्रीक व्हॅली’ नावाचा महोत्सव भरतो. या पंथाच्या लोकांची ती वारीच. गर्दी काही हजारांची. आता आपल्याकडे या. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणारे लोक लाखांनी मोजतात. अंतर सुमारे 45 किलोमीटर. अगदी हात आखडून एकच लाख माणसं धरली, तरी सगळ्यांचं मिळून चालणं होतं 45 लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर एका कोजागरीत पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचं अंतर 11 वेळा तुडवून होतं, तेही बऱ्याच जणांच्या अनवाणी पायांनी. आणि हे संपूर्ण धाराशिव जिल्ह्याचं नाही, एका रस्त्याचं गणित आहे. येरमाळ्याच्या येडाईची चैत्री यात्रा वेगळीच; तिथे लाखो हात रानात चुन्याचे खडे वेचतात आणि आराध्यांचे मेळे गात असतात.

पण गर्दी मोजणं सोपं असतं. मला जास्त चकित करतं ते वाजवणाऱ्यांचं गणित.

देवीच्या गोंधळाचा संच बघा. चार-पाच माणसं, जर्मन बँडएवढीच. एकाच्या कमरेला संबळ बांधलेला: दोन भांडी, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा टणक. खर्जाच्या पुडीवर पडणारी काठी टोकाला वाकडी असते. शेजारी तुणतुणं, त्याला तार एकच. गिटारला सहा, बासला चार, इथे एक! झांज, पेटती दिवटी, मांडलेला चौक आणि गळ्यात कवड्यांच्या माळा. अँप्लिफायर नाही, जनरेटर नाही.

आता वीज मोजू. गिटारवाल्याच्या एका अँप्लिफायरची ताकद साधारण 100 वॅट. कानाचा हिशोब असा विचित्र की ताकद दहापट केली तरी आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणून वरातीतल्या डीजेच्या भिंती वाढतच जातात. आवाज चौपट हवा तर शंभरपट ताकद लागते. माणसाची तासन्तास टिकणारी अंगमेहनत मात्र 75 वॅटच्या आसपासच असते. संबळवाल्याने आठ तास न थांबता ती सगळी संबळावर ओतली असं मानू. बेरीज होते 600 वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटही नाही! शरीराची कार्यक्षमता वीस-बावीस टक्के धरली तर त्यासाठी सुमारे अडीच हजार कॅलरी लागतील. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या सहा-सात भाकरी. अख्खी रात्र वाजवण्याचं इंधन टोपलीत मावतं.

ठोके किती? सेकंदाला चार धरा आणि निम्मी रात्र कथेत, विनोदात, चहात गेली असं समजा. तरीही हातांना 57,600 ठोके द्यावे लागतात. नवरात्रात रोज रात्री गोंधळ असेल तर नऊ रात्रींत पाच लाखांच्या वर. जर्मन ड्रमवाला दीड तासात घाम पुसत विंगेत जातो. त्याला कमी लेखायचं नाही, पण हा आकडा त्याच्याही मनगटाला कळेल.

हल्ली लग्नातला गोंधळ दोन-तीन तासांत उरकतात. पाहुण्यांना परतायचं असतं, हॉलवाल्याला कुलूप लावायचं असतं. वर आकड्यांत मांडलेली ती आठ तासांची रात्र त्यामुळे दुर्मीळ होत चालली आहे, आणि तिची नोंद ठेवायला कुठली रेकॉर्ड कंपनी पुढे आल्याचं ऐकिवात नाही.

लांबीवरून आठवलं. स्टोनर रॉकमधलं दीर्घतेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाच्याच ‘स्लीप’ बँडचं ‘डोपस्मोकर’. एकच गाणं, 63 मिनिटांचं. नव्वदच्या दशकात ते ऐकून रेकॉर्ड कंपनीने कपाळाला हात लावला आणि छापायला नकार दिला. त्या रस्सीखेचीत बँडही मोडला. पूर्ण रूपात ते 2003 मध्ये बाहेर आलं. तुळजापूरकडचा जुना गोंधळी याला लांब म्हणणार नाही. गावोगावच्या देवांना एकेक करून गोंधळाला बोलावायचं, मग कथा लावायची. तासाभरात तर त्याची आवतणीच पुरी होत नाहीत.