परसातील फळझाडे

घराच्या पाठीमागे जी मोकळी जागा असते, तिला परस असे म्हणतात. पूर्वी खेड्यापाड्यांतील परसात एखादे लिंबाचे किंवा पेरूचे झाड हटकून असे. घरातील सांडपाणी त्याला मिळे आणि घरातील माणसांना त्याची फळे मिळत. आजही जेथे दहा हात मोकळी जमीन आणि दिवसातून सहा तास ऊन असेल, तेथे एखादे फळझाड सुखाने वाढू शकते. तथापि कित्येक परसांत एक चमत्कारिक दृश्य आढळते. झाड हिरवेगार असते, फांद्या जोमाने वाढलेल्या असतात, घरची मंडळी त्याला न चुकता दररोज पाणी घालीत असतात. परंतु झाडाला फळ म्हणून लागत नाही. लागलेच तर वर्षभरात इकडेतिकडे चारदोन! एवढी माया करूनही झाड फळ का देत नाही, याचे उत्तर त्या झाडाच्या स्वभावात दडलेले आहे.

प्रत्येक झाडाला विशिष्ट हवामान मानवते. सफरचंदाला हिवाळ्यातील कडाक्याची थंडी लागते; नारळाला समुद्रकाठची उबदार, दमट हवा लागते. या दोहोंच्या मधला जो प्रदेश, त्याला उपोष्ण प्रदेश म्हणतात. पेरू, डाळिंब, अंजीर, संत्रे, मोसंबी, लिंबू ही फळझाडे तेथे उत्तम वाढतात. त्यांना हलकी थंडी सोसते, पण बर्फ सोसत नाही. ऊन मानवते, पण मुळांशी साचलेले पाणी मानवत नाही. महाराष्ट्राचा पठारी भाग उष्ण कटिबंधात येत असला, तरी त्याची उंची, कोरडी हवा आणि सौम्य हिवाळा यांमुळे या झाडांना तो मानवला आहे. नागपूरची संत्री आणि पुरंदर तालुक्यातील अंजिरे यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

झाड लावायचे, तर आधी रोप कोठून आणावे हा विचार करावा लागतो. गोड पेरू खाऊन त्याचे बी पेरले, म्हणजे तसाच गोड पेरू मिळेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एका आईची मुले जशी एकसारखी नसतात, तशीच एका फळाच्या बियांपासून झालेली झाडेही एकसारखी नसतात. बहुतेक मातेपेक्षा सामान्य निघतात. एखादेच सरस निघते. पुण्याजवळील गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी नेमके हेच सरस झाड हुडकून काढण्याचे काम केले. उत्तरेकडील पेरूच्या बियांपासून वाढविलेल्या रोपांतून १९२७ साली एक उत्तम झाड निवडण्यात आले. तेच 'लखनऊ-४९' होय. नावात लखनऊ असले, तरी या जातीचा जन्म पुण्याचा! पुढे तिला 'सरदार' हे नाव मिळाले. त्याच ठिकाणी १९३६ साली 'आळंदी' डाळिंबाच्या रोपांतून मऊ बियांचे एक डाळिंब निवडण्यात आले. ते आज 'गणेश' या नावाने प्रसिद्ध आहे. बाजारात दिसणाऱ्या 'भगवा' डाळिंबाच्या वंशातही या गणेशचा अंश आहे.

असे निवडलेले झाड बियांनी वाढविले, तर त्याचे गुण पुन्हा विखुरतील. म्हणून त्याची फांदीच नव्या झाडाचे बीज म्हणून वापरतात. डाळिंबाच्या फांदीची थोडी साल गोल काढून तेथे ओले शेवाळ बांधले, की काही आठवड्यांनी मुळ्या फुटतात. याला गुटी कलम म्हणतात. अंजिराचा पक्व फाटा मातीत खोचला, तरी तो जीव धरतो. संत्र्याचा डोळा काढून तो दुसऱ्या काटक रोपावर बसवितात. या खालच्या रोपास खुंट असे नाव आहे. कागदी लिंबू मात्र यास बरेचसे अपवाद आहे. त्याच्या एका बीतून पुष्कळदा दोनतीन रोपे उगवतात आणि त्यांपैकी बहुतेक थेट मातेच्या गुणांची असतात. म्हणून कागदी लिंबू बियांपासून लावण्यास हरकत नसते. फक्त फळासाठी काही वर्षे अधिक थांबावे लागते.

खड्डा उन्हाळ्यातच खणावा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा परसातील झाडास पुरेसा होतो. तो काही आठवडे उन्हात तापू दिला, म्हणजे मातीतील किडी व रोगजंतू कमी होतात. नंतर चांगली माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने तो भरावा आणि पहिले पाऊस पडून जमीन निवाली की रोप लावावे. डोळा भरलेल्या रोपाचा जोड मातीच्या वर राहील, अशी दक्षता घ्यावी. जोडाच्या खालून फुटणारे कोंब खुंटाचे असतात. ते वेळीच काढले नाहीत, तर कालांतराने संत्र्याच्या जागी खुंटाचेच झाड उभे राहते. लिंबू व पेरू यांच्यासाठी चारही बाजूंनी दहा फूट तरी मोकळी जागा असावी. अंजिराच्या मुळ्या पाण्याच्या शोधात दूरवर जातात. म्हणून ते झाड विहिरीच्या बांधकामाजवळ किंवा नळाच्या वाटेवर लावू नये.

आता पाण्याकडे वळू. पहिले वर्ष रोपाला पाण्याची खरी गरज असते. पण लहान रोपाचे आळे मोठ्या झाडाला पुरत नाही. पाणी शोषून घेणाऱ्या कोवळ्या मुळ्या बुंध्याशी नसतात. फांद्यांचा घेर जेथे संपतो, त्याच्या आसपास त्या पसरलेल्या असतात. पाणी आणि खत तेथेच द्यावे. लिंबू, संत्रे यांच्या बुंध्याला सतत ओल लागली, तर साल कुजून तिच्यातून डिंक वाहू लागतो. यास्तव माळी दुहेरी आळे करतात. बुंध्याभोवतीचे आतले आळे कोरडे ठेवून बाहेरच्या आळ्यात पाणी सोडतात. न्हाणीचे साबणमिश्रित पाणी लिंबाला सोसत नाही. आळ्यात वाळलेल्या पानांचा थर पसरला, की ओल टिकते आणि पानेही कुजून खत होते.

कलमी रोपाला पहिल्यादुसऱ्या वर्षीच फुले येतात आणि मुलांना अत्यानंद होतो. पण जाणता माळी ती फुले खुडून टाकतो. हे पाहून वाईट वाटते खरे. परंतु ज्याची फांदी अजून बोटाएवढीही जाड नाही, त्याने फळांचे ओझे वाहिले, तर त्याची वाढ खुंटते. आधी खोड, मग फळ, असा हा क्रम आहे.

झाड मोठे झाले, की खरी परीक्षा येते. थंड देशांत हिवाळा झाडाची वाढ थांबवितो. पाने गळतात, झाड झोपी जाते आणि वसंतात एकदम फुलते. महाराष्ट्रातील हिवाळा इतका कडक नसतो. पाणी मिळत राहिले, तर पेरू, डाळिंब, लिंबू यांची झाडे वर्षभर जागी राहतात. पालवी फुटत राहते आणि फुले थोडी थोडी, केव्हाही येतात. तेव्हा निसर्ग जी विश्रांती देत नाही, ती माळ्याला द्यावी लागते. तो काही काळ पाणी तोडतो. याला ताण देणे असे म्हणतात. पाणी बंद होताच नवी पालवी थांबते; पाने मात्र काही दिवस अन्न तयार करीतच असतात. हे अन्न वाढीत खर्च न होता फांद्यांत साठते. पुढे पाणी मिळाले, की या साठ्याच्या बळावर सारे झाड एकदम फुलून येते. या फुलण्याला बहार म्हणतात. दररोज पाणी घातलेले झाड फळ का देत नाही, याचे एक मोठे कारण येथे उमगते. त्याला विसावाच मिळालेला नसतो.

बहार तीन आहेत. सूर्य ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात प्रवेश करतो. त्या वेळी येणारा तो मृग बहार. सप्टेंबरअखेर हस्त नक्षत्राच्या सुमारास येतो तो हस्त बहार. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याला मोहोर येतो, त्या काळातील फुलोऱ्यास आंबे बहार म्हणतात. हे तिन्ही बहार एकाच वर्षी धरू नयेत, झाड थकते. कोणता धरावा, हे घरच्या पाण्यावरून ठरते. जेथे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेथे मृग बहार सोयीचा. एप्रिल-मे महिन्यांत पाणी नसल्याने ताण आपोआप मिळतो आणि पावसाच्या सरींबरोबर फुले येतात. अंजिराचे बहार मात्र निराळे. पावसाळ्यातील फळांचा तो खट्टा बहार आणि उन्हाळ्यातील गोड फळांचा तो मीठा बहार, अशी त्यांची नावेच त्यांची चव सांगतात.

ताण किती द्यावा, हे जमीन सांगते. हलक्या, मुरमाड जमिनीत महिना-दीड महिना पुरतो. काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत दोन महिनेही लागतात. पाने निस्तेज होऊन काही गळू लागली, म्हणजे ताण पुरेसा झाला असे समजावे. कोवळ्या फांद्या सुकेपर्यंत थांबणे म्हणजे झाडाचा जीव धोक्यात घालणे होय. लहान किंवा आजारी झाडाला, तसेच कुंडीतील झाडाला असा ताण देऊ नये. ताण सोडतानाही घाई करू नये. आळे हलके चाळून शेणखत घालावे. मग पहिले पाणी बेताचे, दुसरे त्याहून थोडे अधिक, असे वाढवीत जावे. उपासानंतर जसे पोटभर जेवू नये, तसेच हे आहे. मात्र फळे धरल्यावर पाण्यात खंड पडता कामा नये. डाळिंबाला आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले, तर आतले दाणे फुगतात आणि साल तडकते. फुलापूर्वी जो कठोर होता, त्याने फळाच्या वेळी दक्ष राहिले पाहिजे.

छाटणीचेही तसेच आहे. पेरू आणि अंजीर यांना नव्या फुटीवर फळे लागतात. म्हणून त्यांची शेंडेछाटणी केल्यास नव्या फुटीबरोबर फळेही वाढतात. डाळिंबाच्या बुडख्यातून अनेक फुटवे येतात. त्यांतील तीनचार ठेवून बाकीचे काढावेत. अंजीर छाटताना निघणारा चीक अंगाला खाजतो, हे ध्यानात असावे. याच अंजिराची आणखी एक गंमत आहे. त्याची फुले कोणाला दिसत नाहीत, कारण ती फळाच्या आत असतात. दुर्मीळ माणसाला 'उंबराचे फूल' म्हणतात ते याचमुळे. उंबर आणि अंजीर एकाच कुळातले आहेत.

फळांवर माणसाइतकाच किडींचाही डोळा असतो. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी वस्तू आढळली, तर ती नीट पाहावी. ती बहुधा फुलपाखराची अळी असते. एकदोन झाडांवरील अळ्या हातानेच वेचता येतात. डाळिंबाच्या फळाला कागदी पिशवी बांधली, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीला वाट मिळत नाही. पेरूत फळमाशीच्या अळ्या होतात. किडून गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरली, तर पुढची पिढी कमी होते. परसातील फळबागेस विषारी औषधांपेक्षा रोजची पाहणी अधिक उपयोगी पडते.

फळझाड लावणे सोपे आहे. त्याला पाणी घालणे त्याहून सोपे आहे. कठीण आहे ते फूल खुडणे, फांदी छाटणे आणि भरलेली बादली हातात असताना, झाडाची पाने मलूल दिसत असताना, योग्य दिवसापर्यंत थांबणे. ज्याला हे साधते, त्याचे झाड पुढे एकदम फुलते. त्या फुलांपैकी किती फळे ठेवायची, हे मात्र त्याला पुन्हा झाडाची ताकद पाहूनच ठरवावे लागते.